वाचकांचे प्रश्न : सोसायटीची भाजी आणि महागाई

प्रश्न : आमची पुण्यातील जुनी सोसायटी आहे. बहुतेक रहिवासी निवृत्तिवेतनावर जगतात, दोन-तीन घरांत कमावत्या माणसाची नोकरी गेली आहे, आणि पावसाळ्यात भाजी कडाडली की त्यांची ओढाताण डोळ्यांना दिसते. गच्चीवर आणि आवारात मिळून भाजीपाला लावावा, असे काही जणांच्या मनात आहे. त्याने खर्च खरोखर कमी होईल का? आणि ज्यांना गरज आहे त्यांना संकोच वाटू न देता भाजी कशी द्यावी?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : थोडा हातभार नक्की लागेल; मात्र कांदा-बटाटा, डाळी आणि तेल यांच्या खर्चाला बागेचा काहीही उपयोग होणार नाही, हे पहिल्याच बैठकीत सांगून टाकावे. जागा थोडी असताना जे लवकर येते, पुन्हा पुन्हा खुडता येते आणि बाजारात चटकन महागते, तेवढेच लावणे शहाणपणाचे. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोचा भाव अनेक शहरांत किलोला शंभर रुपयांच्या वर गेला, तेव्हापासून प्रत्येकाला टोमॅटोच हवे असतात. परंतु रोप लावल्यापासून फळ हाती यायला दोन-अडीच महिने जातात, आणि भाव चढल्यावर लावलेले रोप बहुधा भाव उतरल्यावर फळते.

सततच्या पावसात मेथी आणि कोथिंबीर सडतात, म्हणून त्या महागतात, आणि त्याच पावसात त्या तुमच्या वाफ्यातही सडतील. त्या दिवसांसाठी अळू, मायाळू, अंबाडी आणि चवळीचा पाला लावावा. मायाळूचा वेल एकदा जाळीवर चढला की कितीही खुडला तरी फुटत राहतो, आणि त्याची भजी मुलेही आवडीने खातात. मेथी-पालक दसऱ्यानंतर पेरावेत. पालकाची रोपे न उपटता बाहेरची पाने तेवढी खुडली, तर एकाच पेरणीत तीन-चार तोडे मिळतात. आवारात एक शेवगा आणि एक कढीपत्ता पुरे. शेवग्याच्या फांद्या ठिसूळ असतात, तेव्हा पावसाळ्यापूर्वी छाटणी करावी, नाहीतर खाली उभ्या केलेल्या गाड्यांवरून भांडणे होतील.

गच्चीबाबत सावध राहावे. वावर असलेली सपाट गच्ची साधारणपणे चौरस मीटरला दीडशे किलो भार गृहीत धरून बांधलेली असते, आणि एक फूट ओली माती तेवढ्याच जागेत साडेचारशे किलोंच्या आसपास भरते. म्हणून माती कमी ठेवून पालापाचोळा, नारळाचा भुसा आणि कंपोस्ट यांचे हलके मिश्रण उथळ भरावे, पिशव्या विटांवर ठेवाव्यात, पावसाळी नळांची तोंडे मोकळी राखावीत, आणि जुन्या इमारतीत अभियंत्याला विचारल्याशिवाय काहीही वर नेऊ नये. गच्ची सामाईक असल्याने सर्वसाधारण सभेचा ठरावही आधीच करून घ्यावा.

खत विकत आणले तर बचत तिथेच संपते. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच ओल्या कचऱ्यावर भाज्या आणि फळझाडे वाढवली. तुमच्या घरांतल्या साली आणि देठही तसेच कामी येतील. पुणे महापालिका गांडूळ खत प्रकल्प चालवणाऱ्या निवासी मिळकतींना करात सवलत देते. तिच्या सध्याच्या अटी क्षेत्रीय कार्यालयात विचारून घ्याव्यात, कारण ही रक्कम भाजीच्या बचतीहून मोठी ठरू शकते.

आता संकोचाविषयी. गरजू घरांची यादी करू नका, तशी यादी जिन्यात कुजबुज होऊन लगेच पसरते. तोडणीच्या दिवशी प्रत्येक घराला, पहारेकऱ्याला आणि घरकाम करणाऱ्या बायकांनाही सारखी जुडी द्यावी, आणि ज्यांना नको असेल त्यांनी आपली जुडी तळमजल्यावरच्या टोपलीत ठेवावी. तिथून कोणीही न विचारता न्यावी. पाणी घालणे, खुरपणी आणि कंपोस्ट हलवणे यांच्या पाळ्या लावाव्यात. नोकरी गेलेल्या माणसाला फुकटाच्या भाजीपेक्षा कामाच्या बदल्यातली भाजी घेणे कितीतरी सोपे जाते.

प्रश्न : आमच्याकडे मार्चपासून टँकर येतो. अशा वेळी बाग चालवावी का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : एप्रिल-मेमध्ये पालेभाजी लावू नये, कारण टँकरच्या पाण्यावरची जुडी बाजारातल्या जुडीहून महाग पडते. वाफ्यांवर पालापाचोळ्याचा जाड थर पसरून ठेवावा आणि भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी फक्त कढीपत्ता, मिरची आणि अळू यांना घालावे. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचे वाया जाणारे पाणी खारट असते. झाडांना रोज नुसते तेच पाणी घालू नये.