रात्रीच्या प्रवासात फोल्डिंग चाकू: कोणता आणि कशासाठी?

बेळगावच्या गणपत गल्लीतलं दुकान बंद करून रात्री गल्ल्यातली रोकड घेऊन दुचाकीवर महाराष्ट्राच्या हद्दीतल्या शिनोळीला जायचं, तर संरक्षणासाठी कोणता फोल्डिंग चाकू घ्यावा, असा तुमचा प्रश्न आहे.

चाकू जरूर घ्या, पण सुतळी-खोकी कापायला. संरक्षणाची भिस्त त्यावर नको. पावसाळ्यात वेंगुर्ला रोडला अंगात रेनकोट, हातात मोजे. रेनकोट वर करा, खिशात हात घाला, चाकू काढा, पातं उघडा, लॉक बसलं का बघा. तोवर समोरचा अंगावर आलेला असतो. फोल्डिंग चाकूला बहुधा आडही (मूठ आणि पात्यामधली, बोटं अडवणारी पट्टी) नसते, त्यामुळे ओल्या हाताने भोसकायला गेलात तर मूठ सुटून बोटं पात्यावर येतात. वार बसला तरी माणूस लगेच थांबतोच असं नाही.

कामाचा चाकू घेताना 3 इंचांच्या आसपासचं पातं पुष्कळ झालं. खटक्याचा (बटण दाबताच उघडणारा) किंवा रामपुरी घाटाचा अजिबात नको, तपासणीत पहिली शंका त्याच्यावरच येते. लायनर लॉक (मुठीतली पट्टी सरकून उघडं पातं अडवते तो) असेल तर पातं उघडून आत बघा: लॉकची पट्टी पात्याच्या बुडावर साधारण पाव ते अर्ध्या रुंदीपर्यंत आलेली हवी. नुसती कडेला टेकली असेल तर जोर पडताच सटकते आणि पातं बोटांवर मिटतं. पार पलीकडच्या बाजूला पोचली असेल तर लॉक झिजलंय. मिटलेला चाकू पातं निघायची फट खाली धरून झटका, पातं जरा जरी बाहेर आलं तरी परत करा. असला चाकू खिशात आपोआप उघडू शकतो. पातं डावी-उजवीकडे हलत असेल तर मधला स्क्रू किंचित आवळा, जास्त आवळला तर पातं जड जातं. डी-2 जातीच्या पोलादाची धार टिकते, पण आपल्या पावसात गंज धरतो. पुसून तेलाचा एक थेंब द्यायचा कंटाळा असेल तर स्टेनलेसच बरं.

आता कायदा. शस्त्र नियम 2016 मध्ये 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्र म्हणून येतात, घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामाची वगळून. पण तेवढ्यावरून छोटा चाकू कुठेही चालतो असं समजू नका. 1 नोव्हेंबरला (कर्नाटक राज्योत्सव, सीमाभागातला काळा दिवस), बेळगावातल्या विधिमंडळ अधिवेशनाच्या वेळी किंवा तणाव असताना जमावबंदी लागू शकते, त्या आदेशात हत्यार बाळगायला बंदी असू शकते. हद्दीवरचं बाची गाव ओलांडलं की हत्यारबंदीचे आदेश काढायला महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम 37 आहेच, म्हणजे एकाच फेरीत दोन राज्यांचे आदेश बघायचे. धारदार हत्याराने दुखापत केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 118(1) खाली 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण न्याय संहितेच्याच कलम 37 प्रमाणे गरजेपुरताच. ‘संरक्षणासाठीच बाळगला होता’ हे वाक्य ठाण्यात तुमच्या बाजूने जाईलच असं नाही.

पेपर स्प्रे बरा, पण तोही खेळणं नव्हे: 2024 मध्ये एका प्रकरणात कर्नाटक उच्च न्यायालयाने त्यालाही धोकादायक हत्यार मानून एफआयआर रद्द करायला नकार दिला. मुदत बघून घ्या, बॅगेच्या पट्ट्याला बाहेरून अडकवा, वारा तोंडावर असताना मारू नका.

खरा इलाज रोकड कमी करण्याचा. दिवसभराची रक्कम संध्याकाळी बँकेच्या डिपॉझिट मशीनमध्ये भरा, निघायची वेळ रोज बदला. कुणी पाठलाग करतंय असं वाटलं तर घराकडे वळू नका, उजेडाच्या पंपावर थांबून 112 लावा. हा नंबर दोन्ही राज्यांत चालतो, पण हद्दीवर टॉवर पलीकडचा लागू शकतो. गावाचं नाव आधी सांगा.