ट्रॅव्हल ट्रेलरची चाके : भार आणि हवेचा दाब

प्रश्न : आमच्या दोन अ‍ॅक्सलच्या (आसांच्या), गाडीमागे ओढायच्या राहत्या ट्रेलरला एसटी (खास ट्रेलरचे) 205/75 आर 15 मापाचे 'सी' लोड रेंजचे (भार पेलण्याच्या श्रेणीचे) टायर होते. आता त्याच मापाचे 'डी' रेंजचे बसवले आहेत. जास्त सामान नेता येईल का? (ह्यूस्टन)

उत्तर : नाही. या मापाचा 'सी' टायर 50 पीएसआयला (दर चौरस इंचाला पौंडांत मोजलेला हवेचा दाब) 1,820 पौंड पेलतो आणि 'डी' टायर 65 पीएसआयला 2,150 पौंड. पण 'डी'मध्येही हवा 50च ठेवली, तर तोही 1,820च पेलतो. मग 65 भरावी का, हे रिम (टायर ज्यावर बसतो ते धातूचे चाक) ठरवते. रिमची भारमर्यादा बहुधा मागच्या बाजूला उठवलेली असते, त्यामुळे ट्रेलर माहितीपुस्तिकेत दाखवलेल्या जागी जॅकवर घेऊन एक चाक उतरवावे आणि चिखल पुसून तो आकडा वाचावा. तिथे 1,820 असेल, तर टायर कितीही दणकट असला तरी त्या चाकाची मर्यादा 1,820च राहते. काही रिमवर कमाल दाबही दिलेला असतो. तो 50 असेल तर 65 भरणे धोक्याचे आहे. आकडा सापडला नाही, तर अंदाज न बांधता रिमच्या उत्पादकाला विचारावे. आणि हे सगळे जुळले, तरी 3,500 पौंडांच्या अ‍ॅक्सलच्या वाट्याला दर चाकी 1,750च येतात. म्हणजे नव्या टायरने तुम्हाला सुरक्षिततेची जागा मिळाली आहे, सामानाची नव्हे. चाक परत बसवल्यावर नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळावेत आणि 10, 25 व 50 मैलांनंतर पुन्हा तपासावेत.

प्रश्न : ट्रक स्टॉपवरील काट्यावर ट्रेलरच्या दोन्ही अ‍ॅक्सलचे मिळून 6,400 पौंड भरले. दर चाकी 1,600 म्हणजे 'सी' टायर पुरेसे आहेत ना? (फिनिक्स)

उत्तर : 1,600 ही सरासरी आहे आणि टायर सरासरीवर चालत नाही. स्वयंपाकघर, फ्रिज आणि बाहेर सरकणारी खोली एकाच बाजूला असली, तर त्या बाजूला 3,600 आणि दुसऱ्या बाजूला 2,800 पौंड सहज येऊ शकतात. तेव्हा जड बाजूच्या प्रत्येक चाकावर 1,800 पडतात आणि 1,820च्या टायरला जेमतेम 20 पौंडांची सवड उरते. पाण्याची 40 गॅलनची टाकी भरली की साधारण 330 पौंड वाढतात, हेही विसरू नये. म्हणून प्रवासाला निघतो तसा भरलेला, गाडीला जोडलेला ट्रेलर शक्य तिथे चाकनिहाय तोलून घ्यावा. मी तरी हा खर्च कधीच वायफळ मानणार नाही.

प्रश्न : सकाळी 65 असलेला दाब दुपारी 73 झाला. थोडी हवा सोडावी का? (डॅलस)

उत्तर : मुळीच नाही. टायरवरचा आकडा थंड टायरचा असतो. चालल्यावर वाढणारा दाब गृहीत धरूनच तो दिलेला असतो. गरम टायरमधली हवा सोडली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवर निघतो, त्याच्या बाजू जास्त दबतात आणि तो आणखी तापतो. तापमान 10 अंश फॅरेनहाइटने उतरले की 1 पीएसआय कमी होतो, हा ठोकताळा मोटारीच्या टायरचा आहे. 65च्या टायरमध्ये ही घट दीडच्या आसपास असते. म्हणून थंड प्रदेशातल्या मुक्कामी सकाळी ऊन लागण्यापूर्वी मीटर लावून पाहावा.

प्रश्न : नक्षी भरपूर शिल्लक आहे, तरी टायर बदलावेत का? (सॅन होजे)

उत्तर : आधी वय पाहावे. टायरच्या बाजूवर उठवलेल्या डीओटी (अमेरिकी परिवहन खात्याच्या) क्रमांकाचे शेवटचे चार अंक वाचावेत. 2318 म्हणजे 2018 सालचा 23वा आठवडा. वर्षाचा बराचसा काळ एका जागी उभ्या राहणाऱ्या ट्रेलरचे टायर नक्षी झिजण्याआधीच वयाने निकामी होतात. स्टेपनीचीही तारीख पाहावी, कारण तिच्याकडे सहसा कोणाचेच लक्ष जात नाही.