'प्रादेशिक हक्क शुल्क' म्हणजे नक्की काय? फ्रँचायझी, हद्द आणि नजराणा

अमेरिकेतल्या बेसबॉलवरचा एक लेख मराठीत आणताना अडलेल्या एका वाचकांचा प्रश्न आहे: "'ओकलंड अ‍ॅथलेटिक्स फ्रँचायझीचे सॅन होजेला होणारे स्थलांतर प्रादेशिक हक्क शुल्काच्या मुद्द्यावर रखडले' असं वाक्य मी लिहिलं. घरात मोठ्याने वाचून दाखवलं तर कुणालाच कळलं नाही. 'टेरिटोरियल राइट्स फी'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं? 'फ्रँचायझी'ला शब्दकोश 'मताधिकार' म्हणतो, तो इथे चालेल का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सोपा आहे. नाही, चालणार नाही. 'मताधिकार साठ कोटींना विकला' अशी बातमी छापली तर लोक निवडणूक आयोगाला फोन करतील. पण शब्दकोशही खोटं बोलत नाही. मुळात जुन्या फ्रेंचमध्ये 'फ्रँचाइज' म्हणजे मोकळीक. राजाने एखाद्याला दिलेली खास सूट किंवा विशेष अधिकार, असा त्याचा अर्थ पुढे झाला. त्याच फांदीवर एकीकडे मत देण्याचा अधिकार आला आणि दुसरीकडे अमुक गावात अमुक धंदा तुम्हीच करायचा, असा परवाना आला. आपल्याकडे या दुसऱ्या अर्थाच्या सगळ्यात जवळचा जुना शब्द 'सनद'. तरी मी सनद सुचवणार नाही. २००८ साली आयपीएल सुरू झाल्यापासून 'फ्रँचायझी' मराठीत इतका रुळला आहे की आता त्याला हुसकावणं म्हणजे उगाच भांडण काढणं. तो तसाच ठेवा.

मात्र एक काळजी घ्या. 'फ्रँचायझी' आणि 'संघ' हे एकमेकांचे पर्याय म्हणून वापरू नका. आपल्या बातम्यांत दोन्ही सर्रास अदलाबदलीने येतात आणि एरवी काही बिघडत नाही, पण विक्री आणि हलवाहलवीच्या विषयात हाच फरक कळीचा असतो. २०२४ मध्ये आइस हॉकीतल्या अ‍ॅरिझोना कायोटीजचे खेळाडू आणि प्रशिक्षक यूटामधल्या सॉल्ट लेक सिटीला गेले. संघ गेला, फ्रँचायझी गेली नाही. कागदोपत्री ती निष्क्रिय करून अ‍ॅरिझोनातच ठेवली, जुने विक्रम तिच्याच नावावर राहिले आणि यूटाचा संघ नवा म्हणून धरला गेला. त्याआधी अमेरिकन फुटबॉलमध्ये क्लीव्हलंड ब्राउन्सचे मालक १९९६ च्या हंगामासाठी संघ घेऊन बाल्टिमोरला गेले, तेव्हा नाव, रंग आणि इतिहास क्लीव्हलंडलाच ठेवावा लागला. बाल्टिमोरने रेव्हन्स हे नवं नाव घेतलं. क्लीव्हलंडला १९९९ मध्ये वेगळे खेळाडू घेऊन तेच जुने ब्राउन्स परत मिळाले. 'संघ' म्हणजे माणसं आणि 'फ्रँचायझी' म्हणजे सनद, एवढं डोक्यात ठेवलं की हा गुंता सुटतो.

आता मूळ मुद्दा. 'प्रादेशिक हक्क' हे शब्द चुकीचे नाहीत, पण कानाला भलतीच दिशा दाखवतात. 'प्रादेशिक' म्हटलं की आपल्याला प्रादेशिक भाषा, प्रादेशिक पक्ष, प्रादेशिक बातम्या आठवतात. म्हणजे केंद्राच्या तुलनेत छोटं, स्थानिक असं काहीतरी. 'टेरिटोरियल राइट्स'मध्ये लहान-मोठेपणाचा संबंधच नाही. इथवर माझं, इथे दुसऱ्याने तंबू ठोकायचा नाही, असा तो हक्क आहे. त्याला मराठीत 'हद्द' म्हणतात. पोलिसांची हद्द असते, ग्रामपंचायतीची हद्द असते, तशी ही संघाची हद्द. नॅशनल हॉकी लीगमध्ये ती शहराच्या सीमेपासून ५० मैल आहे, नॅशनल फुटबॉल लीगमध्ये ७५ मैल, आणि मेजर लीग बेसबॉलमध्ये मैल न मोजता कोणकोणत्या काउंट्या (म्हणजे तिकडचे जिल्हे) कुणाच्या, हे लीगच्या घटनेतच लिहिलेलं आहे. म्हणून 'हद्दीचा हक्क' म्हणा. कुठेही अर्थ सांगत बसावं लागणार नाही.

तुमच्या लेखातला सॅन होजेचा तिढा याच शब्दाने उलगडतो. सॅन होजे सांता क्लारा काउंटीत येतं आणि ती काउंटी सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या हद्दीत आहे. गंमत अशी की हा हक्क जायंट्सना ओकलंडनेच १९९० च्या सुमारास फुकट देऊन टाकला होता. तेव्हा जायंट्सना तिकडे मैदान बांधायचं होतं आणि शेजारधर्म म्हणून ओकलंडच्या तेव्हाच्या मालकांनी होकार दिला. तिथल्या मतदारांनी मैदानाचा प्रस्ताव फेटाळला, जायंट्स सॅन फ्रान्सिस्कोतच राहिले, पण कागदावर हद्द त्यांचीच राहिली. पुढे ओकलंडला तिथे जायचं झालं तर जायंट्स हलेनात. सॅन होजे शहर कोर्टात गेलं. बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायदा लागू नाही, असा १९२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, त्याच्या आधारे २०१५ मध्ये अपील न्यायालयाने शहराला परत पाठवलं. बांधावरून भाऊबंदकी कशी होते ते मराठी वाचकाला समजावायला नको. इथे बांध कुणी कोरला नव्हता, हाताने उचलून दिला होता, एवढाच फरक.

हे वाचताना मला राहून राहून एक जुना शब्द आठवतो: वतन. पाटिलकी, देशमुखी, कुलकर्ण ही वतनं होती. ठरावीक गावावर किंवा परगण्यावर वंशपरंपरेने चालणारा अधिकार आणि त्याबरोबर येणारे हक्क-लाजिमे, म्हणजे मानपान आणि उत्पन्नाचे वाटे. वतन विकता यायचं, निम्मी पाटिलकी विकल्याचे कागद आहेत, पण असा व्यवहार गोताच्या, म्हणजे भाऊबंद आणि गावकऱ्यांच्या सभेच्या, साक्षीने व्हायचा. अमेरिकन लीगमध्ये हे जवळपास शब्दशः दिसतं. मालकाला संघ विकायचा किंवा हलवायचा तर बाकीच्या मालकांची मतं लागतात. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये ३२ पैकी २४. म्हणजे गोतसभाच. गोताला न जुमानता कुणी गेला तर काय होतं, तेही घडलेलं आहे. रेडर्सच्या मालकाने लीगचा विरोध मोडून, कोर्टात जिंकून, १९८२ मध्ये संघ ओकलंडहून लॉस एंजेलिसला नेला. (१९९५ मध्ये परत आणला. २०२० पासून तो लास वेगासला आहे.)

वतन या शब्दाची आणखी एक गोष्ट इथे फार चपखल बसते. अरबीत आणि पुढे उर्दू-हिंदीत वतन म्हणजे मायभूमी. मराठीत मात्र त्याचा अर्थ विकता येणारा, वाटून घेता येणारा हक्क असा झाला. संघ हलला की मैदानाबाहेर रडणारा माणूस पहिल्या अर्थाने 'वतन' म्हणत असतो आणि मालक दुसऱ्या अर्थाने. एकाच शब्दात हे दोन्ही पक्ष बसवणारी दुसरी भाषा मला माहीत नाही.

तरीही बातमीत 'वतन' वापरा असं मी म्हणणार नाही. या शब्दाला गावगाड्यातल्या जातींचा इतिहास चिकटलेला आहे. महार वतनाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं होतं. ज्या शब्दाने कुणाला अधिकार दिला आणि कुणाला वेठीला धरलं, तो करोडपतींच्या खेळण्याला सहज चिकटवावा असं मला वाटत नाही. समजून घेण्यासाठी 'वतन', लिहिण्यासाठी 'हद्द'.

राहिला 'शुल्क'. इथे माझी तक्रार जास्त आहे. शुल्क म्हणजे एखाद्या कार्यालयात, ठरलेल्या दराने, मिळणाऱ्या सेवेसाठी भरायची रक्कम. परीक्षा शुल्क, नोंदणी शुल्क. संघांच्या व्यवहारात मात्र निदान दोन वेगवेगळ्या रकमा असतात आणि दोन्हींना इंग्रजीत 'फी'च म्हणतात. आपण दोन्हींना 'शुल्क' म्हटलं की पैसा कुणाच्या खिशात गेला हेच कळत नाही.

पहिली रक्कम शेजाऱ्याला द्यायची. बास्केटबॉलमधलं १९७६ चं उदाहरण बघा. एबीए ही लीग बंद पडली आणि तिचे चार संघ एनबीए या प्रतिस्पर्धी लीगमध्ये आले, त्यात न्यूयॉर्क नेट्स होते. एनबीएत येण्यासाठी ३२ लाख डॉलर त्यांनी लीगला द्यायचे होते. पण न्यूयॉर्क ही एनबीएतल्या निक्स संघाची हद्द, म्हणून निक्सना आणखी ४८ लाख. हद्दीचे पैसे प्रवेशाच्या पैशांच्या दीडपट! एवढी रोकड नेट्सकडे नव्हती. त्यांच्याकडे होता ज्युलियस अर्विंग, त्या काळातला सगळ्यात देखणा खेळ करणारा खेळाडू. त्यांनी निक्सना म्हटलं, अर्विंग घ्या आणि हद्दीचे पैसे सोडा. निक्स नको म्हणाले. मग अर्विंगला फिलाडेल्फियाला ३० लाखांना विकलं. आदल्या वर्षी एबीएचं विजेतेपद मिळवलेले नेट्स त्या हंगामात २२ सामने जिंकले आणि ६० हरले. पुढच्या वर्षी ते न्यू जर्सीला गेले.

या रकमेला 'शुल्क' म्हणवत नाही. तुमच्या हद्दीत मी दुकान मांडतो, तुमचं गिऱ्हाईक तुटेल, त्याबद्दल हे घ्या, अशी ती रक्कम आहे. म्हणजे भरपाई. मी 'हद्दीची भरपाई' लिहीन, आणि मथळ्यात जागा कमी असेल तर 'हद्दभरपाई'. अ‍ॅनाहाइमला १९९३ मध्ये हॉकीचा नवा संघ सुरू झाला तेव्हा डिस्नीने भरलेल्या ५ कोटी डॉलरपैकी निम्मे शेजारच्या लॉस एंजेलिस किंग्ज संघाला गेले, तीही हद्दभरपाईच. आणि भरपाई रोखच असते असं नाही. माँट्रिअलचा बेसबॉल संघ २००५ मध्ये वॉशिंग्टनला आणला तेव्हा शेजारच्या बाल्टिमोर ओरिओल्सची समजूत काढायला दोन्ही संघांचे सामने दाखवणाऱ्या वाहिनीत त्यांना मोठा हिस्सा दिला गेला. त्या वाहिनीच्या पैशांवरून दोघे नंतर कित्येक वर्षं भांडले. इथे 'शुल्क' लिहून बघा, वाक्य उभंच राहत नाही.

दुसरी रक्कम द्यायची ती शेजाऱ्याला नव्हे, सगळ्या गोताला. इंग्रजीत हिला 'रिलोकेशन फी' म्हणतात. तुम्ही एका शहरातून उठून अधिक कमाईच्या शहरात चालला आहात, तुमच्या मालमत्तेची किंमत वाढणार, तर त्यातला वाटा इतर मालकांना द्या. २०१६ मध्ये सेंट लुइसहून लॉस एंजेलिसला परतलेल्या, अमेरिकन फुटबॉलमधल्या रॅम्सना यापोटी ५५ कोटी डॉलर लागू झाले. यूटाच्या व्यवहारात एकूण १२० कोटींपैकी २० कोटी अशाच नात्याने इतर मालकांकडे गेले. यासाठी मराठीत आयता, आजही जिवंत असलेला शब्द आहे: नजराणा. नवीन शर्तीची जमीन विकायला परवानगी हवी असेल तर सरकारजमा करावा लागतो तो नजराणा. परवानगी देणाऱ्याला, वाढलेल्या किमतीतला हिस्सा. अर्थ तंतोतंत जुळतो. शिवाय नजराणा माफ होतो. ओकलंडला लास वेगासला जायची परवानगी नोव्हेंबर २०२३ मध्ये सगळ्या मालकांनी एकमताने दिली, आणि हा नजराणा त्यांना माफ झाला. 'शुल्कात सवलत' म्हटल्यावर जी सरकारी झोप येते ती 'नजराणा माफ' म्हटल्यावर येत नाही.

एक बारीक खोच 'स्थलांतर'बद्दल. पक्षी स्थलांतर करतात, मजूर करतात. ज्याला जायचं तोच जातो, असा त्या शब्दाचा स्वभाव. संघाचं तसं नसतं. १९८४ च्या मार्चमध्ये बाल्टिमोर कोल्ट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचं सामान रातोरात ट्रकांत भरून इंडियानापोलिसला नेलं, त्याला 'कोल्ट्सनी स्थलांतर केलं' म्हणणं म्हणजे करणाऱ्याला वाक्यातून पळवून लावणं. 'मालकाने संघ हलवला' लिहा. नाव हवंच असेल तर 'बस्तान हलवणं' आहे. बस्तान बसतं, हलतं, गुंडाळतं, सगळं करता येतं.

'विकला'चीही गंमत आहे. 'संघ विकला' ठीक. 'संघ विकला गेला' म्हणालात तर निम्मे वाचक सामना निश्चितीचं प्रकरण शोधायला लागतील. 'मालकाने संघ विकला' असं कर्त्यासकट लिहा. आणि पूर्ण संघ विकला की हिस्सा, हेही बघा. २०२५ मध्ये लेकर्स या बास्केटबॉल संघाची किंमत १००० कोटी डॉलर धरून व्यवहार झाला, पण घेतला तो बहुसंख्य हिस्सा, आधीचे मालक असलेल्या बस कुटुंबाने थोडा आपल्याकडे ठेवला. निम्म्या पाटिलकीसारखंच.

तर तुमचं वाक्य मी असं करीन: 'ओकलंड अ‍ॅथलेटिक्सच्या मालकांना संघ सॅन होजेला हलवायचा होता, पण ते शहर जायंट्सच्या हद्दीत येतं आणि जायंट्स हद्दीचा हक्क सोडायला तयार नव्हते.' बघा, यात 'शुल्क' आलंच नाही. गाडी भरपाईच्या आकड्यापर्यंत पोचलीच नाही, त्याआधीच अडली. तुमच्या मूळ लेखात 'फी' हा शब्द नक्की कुठल्या रकमेबद्दल आहे ते एकदा तपासा. लास वेगासबद्दल असेल तर तो नजराणा आहे आणि ते वाक्य वेगळं लिहावं लागेल.