वावर, मक्ता आणि अमेरिकी कथा

प्रश्न : अमेरिकी साहित्यातील वास्तववाद आणि आधुनिकतावाद यांत आम्हां कापूस पिकवणाऱ्यांना आपले काही सापडेल काय?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : अवश्य सापडेल. वास्तववादी, म्हणजे रोजचे जगणे आहे तसे मांडणारे लेखक हॅम्लिन गारलंड यांच्या १८९१ मधील ‘मेन-ट्रॅव्हल्ड रोड्स’ या संग्रहातील एका कथेत हॅस्किन्स हा शेतकरी मक्त्याने घेतलेली मोडकळीला आलेली शेती बायकोमुलांसह राबून सुधारतो, आणि नेमक्या त्या सुधारणांवर बोट ठेवून मालक २,५०० डॉलरांची किंमत ५,५०० वर नेतो. हॅस्किन्स दताळे उगारतो. तेवढ्यात त्याच्या चिमुकल्या लेकीचे हसणे कानी पडते आणि हात खाली येतो. मक्त्याने वावर वाहणाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

या कथेत अन्याय करणारा समोर उभा असतो. आधुनिकतावादी, म्हणजे कथा सांगण्याची जुनी सरळ रीत मोडणारे लेखक विल्यम फॉकनर यांच्या १९३० मधील ‘ॲज आय ले डाइंग’मध्ये मात्र मिसिसिपी राज्यातील गरीब शेतकरी कुटुंब आईचे प्रेत तिच्या माहेरच्या गावी नेते, ते १५ जणांच्या तोंडून कळते, आणि एक प्रकरण तर अवघ्या एका वाक्याचे आहे. दारिद्र्य तेच, पण सांगणाऱ्यावरचा भरवसा उडालेला. ही कादंबरी अवघड आहे. आरंभ गारलंडपासूनच करावा.