वाचकांचे प्रश्न : दोन लढतींचा पोरगा, सहा लढतींचा करार

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा आहे. आधी तालमीत होता, गेली दोन वर्षं एमएमए (कुस्ती, ठोसे, लाथा सगळं चालणारा मिश्र लढतीचा खेळ) करतो. हौशी लढती चार, व्यावसायिक दोन, दोन्ही जिंकल्या. एका संयोजकाने तीन वर्षांचा, सहा लढतींचा करार पुढे केला आहे. सही करू द्यावी का? (एक पालक, सांगली)

उत्तर : आहे तशा कागदावर नको. मानधनाचा आकडा बाजूला ठेवा, आधी मुदतीचं कलम वाचा. ‘तीन वर्षं किंवा सहा लढती, जे आधी संपेल ते’ असं असेल तर ठीक. ‘जे नंतर संपेल ते’ असेल आणि संयोजकाने वर्षाला एकच लढत दिली, तर पोरगा २५ वर्षांचा होईपर्यंत अडकला. त्याच्याच खाली मुदतवाढीची ओळ असते : दुखापत झाली किंवा लढत नाकारली, तर तेवढे महिने पुढे जोडायचे. दुखापतीचं मान्य करा. नकाराच्या ओळीत ‘वाजवी कारणाशिवाय’ हे शब्द घालून घ्या. बदल्यात मागायचं ते असं : वर्षाला किमान दोन लढती, नाही दिल्या तर मुलगा मोकळा.

आता पैसे. मानधन दोन तुकड्यांत असतं, उतरण्याचं आणि जिंकण्याचं. ‘२० अधिक २०’ ऐकायला ४० हजार वाटतात, पण हरला तर २०. त्यातले व्यवस्थापकाचे २० टक्के गेले की १६. कोपऱ्यात बसणाऱ्या दोघांचं (लढतीत सूचना देणाऱ्या प्रशिक्षकांचं) तिकीट आणि राहणं, एचआयव्ही व हेपटायटिस बी-सीच्या रक्ततपासण्या, डोळ्यांची तपासणी, मेंदूचा एमआरआय हे सगळं तुमच्या माथी असेल, तर पोरगा मार खाऊन वर पदरचे पैसे भरून घरी येतो. तेव्हा २० चे २५ करून घेण्यापेक्षा हे खर्च आणि लढतीतल्या दुखापतीचा विमा संयोजकाच्या नावावर लिहून घ्या.

सगळ्यात मोठी गोष्ट बहुतेक करारांत नसतेच : समोर कोण येणार? पहिल्या तीन लढतींत प्रतिस्पर्ध्याच्या व्यावसायिक लढती पाचाच्या आत, किमान सहा आठवडे आधी सूचना, आणि ठरलेला वजनगट, एवढं लेखी घ्या. नाहीतर दहा दिवसांवर फोन येतो, ‘समोरचा जखमी झालाय, ६५.८ ऐवजी ७०.३ किलोला उतर.’ नवखा पोरगा नाही म्हणत नाही. यूएफसी या एमएमएतल्या सगळ्यात मोठ्या अमेरिकी कंपनीतही हे घडलं आहे. सेज नॉर्थकट १९ वर्षांचा, ७०.३ किलो गटातला. जानेवारी २०१६ मध्ये त्याचा प्रतिस्पर्धी बदलला आणि ऐनवेळच्या ब्रायन बार्बरेनाशी लढत ७७.१ किलो गटात झाली. दुसऱ्या फेरीत बार्बरेनाने गळा आवळला आणि नॉर्थकटच्या पदरी पहिली हार पडली.

प्रश्न : मग अशा कच्च्या पोरांना मोठ्या कंपन्या घेतातच कशाला? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : स्वस्त पडतात, आणि मोठी होईपर्यंत आपल्याच पडद्यावर दिसतात. राउल रोसास ज्युनियरने २०२२ मध्ये ‘कंटेंडर सिरीज’ या यूएफसीच्या निवड-कार्यक्रमातली लढत जिंकून यूएफसीचा करार मिळवला, तेव्हा तो १७ वर्षांचा होता. एप्रिल २०२३ मध्ये तो क्रिश्चन रॉड्रिगेझपुढे उभा राहिला. पहिल्या फेरीत पाठ धरून गळा आवळायच्या प्रयत्नांत सगळा दम खर्च केला, पुढच्या दोन फेऱ्या हातातून गेल्या. पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांत दम कसा वाटायचा, हे लांबलेल्या लढतींतूनच कळतं. पहिल्या फेरीतले झटपट विजय ते शिकवत नाहीत. कंपनीने मात्र त्याला सोडलं नाही, पुढची लढत झेपेल अशी दिली आणि ती त्याने पहिल्याच फेरीत संपवली. लहान कंपन्यांत इतका धीर क्वचितच दिसतो.

वय आणि अनुभव एक समजू नका. आपला भारतीय लढवय्या भारत खंडारे २०१७ मध्ये शांघायला यूएफसीत उतरला. समोरचा सोंग यादोंग १९ वर्षांचाच, पण त्याच्या दहाच्या वर व्यावसायिक लढती झालेल्या. पहिल्याच फेरीत खंडारेला गिलोटिन (समोरून मान काखेत धरून गळा आवळायचा डाव) लागून लढत संपली.

प्रश्न : माझ्याकडे कुस्तीतली मुलं येतात. ताकद आहे, पट (पाय धरून पाडायचा डाव) उत्तम काढतात. किती दिवसांत व्यावसायिक करार घ्यावा? (एक प्रशिक्षक, कोल्हापूर)

उत्तर : दिवस मोजू नका, दोन खोडी गेल्या का ते बघा. पहिली, पट काढताना डोकं बाहेरच्या बाजूला आणि मान खाली. कुस्तीत खपून जातं, इथे समोरचा पडता पडता मान काखेत घेतो. दुसरी खोड जास्त चिवट. चितपट होऊ नये म्हणून पैलवान खाली गेला की आपोआप पोटावर वळतो. एमएमएत पोटावर वळणं म्हणजे पाठ देणं, पाठोपाठ मागून गळ्यात हात. अंगात मुरलेली सवय आहे, ‘वळू नको’ सांगून जात नाही. पाठीवर पडून पाय आत घ्यायचे आणि उठायचं, हे दमलेल्या अवस्थेत रोज करून घ्या. थकल्यावरही पोरगा वळत नसेल, तर हौशी लढती लावा. तिथे कोपर मारायला बंदी असते, पायाला पॅड असतात. पाच-सहा लढती अशा होऊ द्या, त्यातली एखादी हरलेली असली तर उत्तमच.

सरावातला एक नियम : डोक्याला मार लागून लढत थांबली, तर निदान दीड-दोन महिने डोक्याला धक्का लागेल असा सराव बंद. करारातही हे लिहून घ्या, कारण पुढची तारीख संयोजकाला लवकर हवी असते.

प्रश्न : मी १७ वर्षांचा आहे. वडिलांनी सही केली तर चालेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. भारतीय करार कायदा १८७२ प्रमाणे १८ वर्षांखालच्या व्यक्तीचा करार मुळातच रद्दबातल. वडिलांनी तुझ्या वतीने तुझ्या कामाचा करार केला तरी तो टिकणं अवघड. चित्रपटात काम करण्यासाठी अल्पवयीन मुलीच्या वडिलांनी केलेला असाच करार मुंबई उच्च न्यायालयाने अमान्य केला होता. संयोजक ‘आता सही, अठराव्या वाढदिवसाला लागू’ म्हणाला तरी त्या सहीला अर्थ नाही. अठरा पूर्ण झाल्यावर नवा कागद, नवी तारीख, नवी सही. तोवर हौशी लढती खेळ आणि कुणाकडून आगाऊ पैसे घेऊ नकोस.