पहिली कोन्याक घेताना

कोन्याक म्हणजे फ्रान्समधल्या कोन्याक भागातली द्राक्षांची ब्रँडी. बाटलीच्या आकारावर जाऊ नकोस, लेबल वाच. व्हीएस म्हणजे मिश्रणातली सर्वांत कोवळी ब्रँडीही किमान 2 वर्षं ओकच्या पिंपात मुरलेली. व्हीएसओपी म्हणजे किमान 4 वर्षं, एक्सओ म्हणजे किमान 10 (हा 10 चा नियम 2018 पासूनचा). बाटलीत मुरणं थांबतं, म्हणून घरी जपून ठेवलेली व्हीएस कधीच एक्सओ होत नाही.

खरी करामत भट्टीची. युनी ब्लां द्राक्षांची वाइन आंबट, हलकी. नुसती प्यायला मजा नाही. तीच तांब्याच्या भट्टीत दोनदा गाळतात. आपल्याकडे पहिल्या धारेचं कौतुक, तिथे मात्र पहिली आणि शेवटची धार बाजूला काढून फक्त मधली पिंपात भरतात. हे गाळणं द्राक्षांच्या तोडणीनंतरच्या 31 मार्चपर्यंत उरकावंच लागतं, तसा नियम आहे.

सुरुवात व्हीएसओपीने कर. बर्फ नको. आधी नुसता वास घे, सावकाश.