पणजोबा १९३७ साली ‘आमदार’ होते. त्यांचा मतदारसंघ आणि पक्ष कसा शोधायचा?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं : पणजोबा १९३७ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबई असेंब्लीवर निवडून आले होते असं घरात सांगतात. इंटरनेटवरच्या तीन याद्यांमध्ये मात्र त्यांच्या नावापुढे तीन वेगळे पक्ष आहेत : काँग्रेस, अपक्ष आणि स्वतंत्र मजूर पक्ष (डॉ. आंबेडकरांचा). मतदारसंघ तर कुठेच नाही. आता विश्वास कशावर ठेवायचा?

पक्षापासून सुरुवात करू नका. आधी जागा कोणत्या प्रकारची होती ते शोधा, मग मतदारसंघ, आणि पक्ष सगळ्यात शेवटी. कारण सरकारी कागदांत पहिल्या दोन गोष्टींची नोंद पक्की असते, पक्षाची तशी नसते. निकाल गॅझेटमध्ये, म्हणजे सरकारी राजपत्रात, प्रसिद्ध झाला तेव्हा मतदारसंघ आणि निवडून आलेल्या माणसाचं नाव एवढंच छापलं गेलं. आज यादीत दिसणारा पक्ष नंतर कुणीतरी वर्तमानपत्रांवरून किंवा आठवणींवरून भरलेला असतो.

त्याआधी एक खात्री करून घ्या, ते नक्की असेंब्लीतच होते ना. घरच्या बोलण्यात जिल्हा लोकल बोर्डाचा (आजच्या जिल्हा परिषदेसारखी संस्था) सभासदही ‘आमदार’ होऊन जातो. त्यात ‘कौन्सिल’ या नावाचा घोळ आहे. १९२१ ते १९३६ या काळात मुंबई इलाख्याचं एकच सभागृह होतं आणि त्याचं नाव लेजिस्लेटिव्ह कौन्सिल. १९३५ च्या कायद्याने १ एप्रिल १९३७ पासून दोन सभागृहं झाली, १७५ जागांची असेंब्ली हे खालचं आणि जेमतेम तीसेक जागांचं कौन्सिल हे वरचं. त्यामुळे नुसतं ‘एम.एल.सी.’ (कौन्सिलचा सभासद) लिहिलेला १९३० चा कागद आणि १९३८ चा कागद वेगवेगळ्या संस्थांबद्दल बोलतात. जुन्या कौन्सिलात सरकारने नेमलेले सभासदही असत. डॉ. आंबेडकर १९३७ च्या आधी तिथे होते ते नियुक्त सभासद म्हणून, निवडणूक लढवून नव्हे.

आता असेंब्लीच्या १७५ जागा कशा वाटल्या होत्या ते पाहा. सर्वसाधारण ११४, त्यांतल्या १५ अनुसूचित जातींसाठी राखीव आणि ७ मराठ्यांसाठी राखीव. मुस्लिम २९, मागास भाग व जमाती १, अँग्लो-इंडियन २, युरोपीय ३, भारतीय ख्रिस्ती ३, व्यापार-उद्योग ७, जमीनदार २, विद्यापीठ १, मजूर ७. शिवाय स्त्रियांसाठी ६, पैकी ५ सर्वसाधारण आणि १ मुस्लिम. म्हणजे एकाच गावावर एकाच वेळी दोन-तीन मतदारसंघ पसरलेले असत. त्या गावचे हिंदू मतदार एका मतदारसंघात, मुसलमान मतदार दुसऱ्याच, कितीतरी मोठ्या मतदारसंघात. त्यामुळे ‘रत्नागिरीचे आमदार’ या शब्दांवरून काहीच ठरत नाही. पणजोबा सर्वसाधारण जागेवर होते, त्यातल्या राखीव जागेवर होते, की मजुरांच्या किंवा जमीनदारांच्या जागेवर, हे कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

नावावरून किंवा जातीवरून जागेचा अंदाज करू नका. हंसा मेहता यांनी १९३७ मध्ये स्त्रियांसाठी राखलेली जागा नाकारून सर्वसाधारण जागा लढवली, आणि ती असेंब्लीची नसून कौन्सिलची होती. तसंच स्वतंत्र मजूर पक्षाचं. पक्ष आंबेडकरांचा म्हणून त्याचे सगळे सभासद राखीव जागांवरचे, असं धरून अनेक याद्या चुकल्या आहेत. श्यामराव परुळेकर, अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस हे त्याच पक्षाचे आणि दलितेतर. कोकणात खोतीच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या पद्धतीच्या, विरोधामुळे या पक्षाला कुळांचा मोठा पाठिंबा होता, म्हणून तुमच्या तीन याद्यांतला हा पर्याय जातीकडे बघून बाद करू नका.

जागा कळली की मतदारसंघ. त्या नावात तीन भाग असतात : जिल्हा किंवा शहर (बरेचदा उत्तर-दक्षिण अशा दिशेसह), जागेचा प्रकार, आणि शहरी की ग्रामीण. हद्द १९३६ च्या प्रांतिक असेंब्ली मतदारसंघांच्या आदेशात तालुकावार दिली आहे. आजच्या विधानसभा मतदारसंघांशी ती जुळवत बसू नका. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा, तोवर तो भाग रत्नागिरीत, आणि त्यातलं सावंतवाडी तर संस्थान. संस्थानांतून असेंब्लीवर कुणीच येत नसे. घराणं सावंतवाडी, कोल्हापूर, जंजिरा अशा मुलखातलं असेल तर पणजोबांची मतदार म्हणून नोंद ब्रिटिश हद्दीत कुठे होती ते आधी बघावं लागेल. विदर्भातल्या माणसासाठी यादीच वेगळी, ती नागपूरच्या मध्य प्रांत-वऱ्हाड असेंब्लीची, ११२ जागांची.

मतांचे आकडे मिळाले तर ते जपून वाचा. मुंबई इलाख्यात बरेच मतदारसंघ एकाहून अधिक जागांचे होते आणि मतदान एकवट पद्धतीचं. तीन जागा असतील तर मतदाराला तीन मतं, आणि ती तिन्ही एकाच उमेदवाराला देता येत. भायखळा-परळमध्ये आंबेडकरांना १३,२४५ आणि काँग्रेसचे उमेदवार, क्रिकेटपटू पी. बाळू यांना ११,२२५ मतं पडली. ही मतं आहेत, माणसं नव्हेत. पडलेल्या मतांची बेरीज मतदारांपेक्षा जास्त दिसली म्हणून आकडे खोटे ठरवू नका. राखीव जागांवर आणखी एक पायरी होती. पुणे करारानुसार चारपेक्षा जास्त उमेदवार असतील तर आधी फक्त अनुसूचित जातींचे मतदार प्राथमिक निवडणुकीत चौघे निवडत आणि मग सर्व मतदार त्यांतून अंतिम निवड करत. कात्रणात ‘निवडून आले’ असेल आणि गॅझेटात नाव नसेल, तर ते बहुधा प्राथमिक फेरीतलं यश.

मतदारयादीही तपासा. मताचा हक्क सरसकट नव्हता. ग्रामीण भागात निदान ८ रुपये शेतसाऱ्याची जमीन किंवा मॅट्रिक ही त्यातली नेहमीची दोन कारणं. पणजोबांचं नाव कोणत्या कारणाने नोंदलं होतं, यावरून त्यांची तेव्हाची स्थिती कळते. घरच्या इतिहासासाठी ही पक्षाच्या नावाइतकीच मोलाची माहिती आहे.

आता पक्ष. काँग्रेसच्या १७५ पैकी ८६ जागा असं बहुतेक ठिकाणी छापलंय, तरी एक-दोन जागांचा फरक सापडतो. स्वतंत्र मजूर पक्षाच्या कुठे १४, कुठे १५. हा फरक छपाईचा नाही. कुणी पक्षाचा उमेदवार होता, कुणी पक्षाने पाठिंबा दिलेला अपक्ष होता, कुणी निकालानंतर पक्षात आला. तुमच्या तीन याद्या बहुधा तीन वेगळ्या वेळच्या आहेत. यादीवर तारीख नसेल तर प्रधानमंत्री (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला असं म्हणत) कोण दाखवलाय ते बघा. धनजीशा कूपर असतील तर यादी एप्रिल ते जुलै १९३७ मधली. बाळासाहेब खेर असतील तर १९ जुलै १९३७ नंतरची. असेंब्लीचे अध्यक्ष म्हणून ग. वा. मावळंकर दिसले, तरी तेच. खेर मंत्रिमंडळाने नोव्हेंबर १९३९ मध्ये राजीनामा दिला आणि गव्हर्नरची राजवट आली, म्हणून १९४०-४५ मधल्या ‘आमदारा’ने सभागृहात काय केलं ते शोधत बसू नका. १९४६ ची असेंब्ली ही निराळी निवडणूक आणि निराळी यादी.

पक्षाचा खरा पुरावा असेंब्लीच्या छापील वादवृत्तांत, म्हणजे सभागृहातल्या चर्चांच्या अहवालांत, आहे. खंडाच्या सुरुवातीला सभासदांची नावं मतदारसंघासह मिळतात, ती आधी जुळवा. आडनावानंतर आद्याक्षरं असतात. पाटील-देशमुखांसारख्या आडनावात आद्याक्षरांशिवाय माणूस ठरत नाही, आणि रोमन स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी शोधावं लागतं. मग ज्या ठरावांवर मतविभागणी झाली त्यांच्या ‘बाजूने’ आणि ‘विरुद्ध’ याद्या काढा. १९३८ च्या औद्योगिक तंट्यांच्या बिलाला आंबेडकरांच्या पक्षाने कडाडून विरोध केला होता. अशा वादग्रस्त बिलांवर पणजोबांचं नाव कुठल्या बाजूला आहे ते चार-पाच वेळा तपासलं, की काँग्रेस की मजूर पक्ष हा प्रश्न सहसा सुटतो. नाव दोन्हीकडे नसेल तर ते गैरहजर होते एवढंच समजा. ‘अपक्ष’ हा शिक्का फेब्रुवारी १९३७ च्या मतदानाआधीच्या वर्तमानपत्रांवरून तपासावा लागेल, कारण उमेदवारी कुणी जाहीर केली ते तिथेच सापडतं.

वादवृत्तांसाठी मुंबईच्या विधानभवनातलं ग्रंथालय आणि गॅझेटसाठी काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार. जाण्याआधी पूर्ण नाव, गाव, तेव्हाचा तालुका आणि अंदाजे वर्ष एका कागदावर लिहून घ्या, परवानगीच्या अर्जात तेच भरावं लागतं. आधी फेब्रुवारी-मार्च १९३७ चं गॅझेट मागा. त्यात नाव सापडलं तरच वादवृत्तांचे खंड काढायला सांगा. नाही सापडलं तर १९३७ ते १९३९ मधल्या पोटनिवडणुका आणि वरचं कौन्सिल पाहा, आणि तिथेही नसेल तर जिल्हा लोकल बोर्डाच्या नोंदींकडे वळा.